आकवड नाथाजी

“आबा, तुमास्नी गावात आकवड का म्हंत्यात?”

नाथाजीच्या तळहातावरची भाकरी तव्यात पडायची ती तव्याच्या कडेवर पडली आणि मधोमध दुमडली. उलथन्यानं त्यानं ती सरळ करायला घेतली, पण फाटायची ती फाटलीच. अंजना खोलीच्या दारात उभी होती. पायातल्या चपला काढल्या नव्हत्या, खांद्याची पिशवी उतरवली नव्हती. सांगलीहून कुपवाडपर्यंतची वाट पोरगी तणतणत चालत आली असावी.

“का गं? गावाकडचं कोन भेटलं काय?”

“कुनी न्हाई. पर सांगा की. का म्हंत्यात?”

“मिल्ट्रीतलं नाव हाय. कवायतीत चुकायचो, म्हनून पडलं.”

“आवं, पर त्याचा अर्थ काय?”

नाथाजीनं स्टोव्ह बारीक केला. वीस-बावीस वर्षं हे नाव त्याच्या अंगाला चिकटून होतं. रहिमतपूरजवळच्या त्याच्या गावात पोरंटोरंसुद्धा ‘आकवडाच्या बांधावरनं जावा’ अशी वाट सांगत. मतदारयादीतलं आडनाव फक्त तलाठ्याला ठाऊक. पण अर्थ? अर्थ त्यानं कधी कुणाला विचारला नव्हता. ज्या तोंडातून ते नाव पहिल्यांदा त्याच्या अंगावर आलं, त्या तोंडाकडं बघूनच तो कळला होता. मठ्ठ, बावळट, नालायक, यातलंच काहीतरी. शिवीचा अर्थ कोण विचारत बसतो?

नाथाजी भरती झाला तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटत होतं. तो जन्माचा डावखुरा. विळा डाव्या हातात, गोफण डाव्या हातात, गाईच्या आचळालाही डावाच हात आधी जायचा. उजवं कुठलं आणि डावं कुठलं हे त्याच्या डोक्यात कधी बसलंच नव्हतं. कामाचा हात आणि दुसरा हात, एवढंच त्याला ठाऊक. पलटणीत मात्र कामाचा हात सरकारनं ठरवून दिलेला होता. “दाहिने मुड़!” असा पुकारा झाला की सगळी ओळ एकीकडं वळायची आणि नाथाजी एकटा दुसरीकडं. शेजारच्या रंगरुटाच्या नाकाला त्याचं नाक लागायचं.

कवायत शिकवणारा उस्ताद होता हवालदार सयाजी. कोरेगावच्या बाजूचा, म्हणजे आपल्याच मुलखातला. मुलखातला माणूस सांभाळून घेईल अशी नाथाजीला आशा होती. झालं उलटंच. “माझ्या जिल्ह्याची अब्रू घालवतोस व्हय रं?” म्हणून सयाजी त्यालाच जास्त पिदडायचा. ज्यांना कवायत जमत नाही अशांची एक वेगळी तुकडी असायची. साहेबाच्या राज्यापासून चालत आलेलं तिचं नाव ‘आकवड स्कॉड’. बाकीचे रंगरूट जेवून आडवे झाले तरी ही तुकडी मैदानावर धूळ उडवत असायची. तिच्यातले बाकीचे एकेक करून सुटले. नाथाजी तेवढा राहिला.

रायफलीचा खटकाही उजव्यांसाठी घडवलेला. एकदा चांदमारीच्या मैदानावर सयाजीची पाठ वळलेली बघून नाथाजीनं दस्ता गुपचूप डाव्या खांद्याला लावला. गोळी ठिपक्याच्या मधोमध बसली. दुसरी तिच्या शेजारी. सयाजी चालत निशाणापर्यंत गेला, भोकांवरनं बोट फिरवून परत आला आणि नाथाजीच्या खांद्याकडं बघून म्हणाला, “निशाना सही, आदमी गलत.” मग रायफल डोक्यावर धरून त्याला मैदानाच्या चकरा मारायला लावल्या, पार पाय मोडेपर्यंत. त्यानंतर नाथाजीनं उजव्या खांद्यानंच गोळ्या झाडल्या. त्या कधी धड लागल्या नाहीत, आणि म्हणून दंडावर कधी फीतही लागली नाही. शिपाई म्हणून गेला तो शिपाई म्हणूनच पेन्शनीवर घरी आला. नाव मात्र त्याच्या आधीच घरी पोचलं होतं. त्याच्याच गावचा, त्याच्याच बरोबर भरती झालेला केरबा पहिल्या सुट्टीवर आला तेव्हा पारावर बसून त्यानं सगळ्या गावाला नक्कल करून दाखवली होती.

यातलं अंजनाला त्यानं थोडंफार सांगितलं. चांदमारीचं सांगितलं नाही.

अंजनानं चपला काढल्या आणि ती भिंतीला टेकून बसली.

“आज माझा पाठ हुता, आबा. फळ्यावर लिवत हुते. पोरं गप बसून बगत हुती. अक्षरबी चांगलं आलं हुतं. पाठ संपला आन् आमच्या बाई समद्यांच्या म्होरं म्हनल्या, ‘बाकी ठीक आहे, पण डाव्या हातानं लिहिताना तू फार ऑकवर्ड दिसतेस.’ पोरी हसल्या. मला त्याचं काय न्हाई वाटलं. मला वाटलं, आमच्या आबाचं नाव ह्या बाईला कुनी सांगितलं?”

नाथाजी तव्याकडं बघत राहिला. सांगलीत शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला पोरीला आणलं, स्वतःच्या खोलीवर ठेवून घेतलं, ते गावापासून लांब काहीतरी वेगळं तिच्या वाट्याला यावं म्हणून. आणि ते नाव तिच्या मागं इथवर आलं.

“मग म्या वाचनालयात गेले,” अंजना म्हणाली. “तिथं इंग्रजीचा शब्दकोश हाय, उचलाया दोन हात लागत्यात असला. त्यात शब्द कुठनं आला तेबी दिलंय.”

“मग? काय निगालं?”

“लय जुना शब्द हाय. उत्तरंकडच्या दर्यावर्दी लोकांचा. त्यांच्याकडनं इंग्रजांनी घेतला. ‘ऑक’ म्हंजी उलटं, पाठमोरं. उलट्या हातानं, डाव्या अंगानं तलवारीचा वार घातला तर त्याला ‘ऑक’ वार म्हनायची. आन् ‘वर्ड’ म्हंजी दिशा. होमवर्ड म्हंजी घराकडं. तसं ऑकवर्ड म्हंजी उलट्या अंगाकडं तोंड असलेला.”

“डाव्या अंगाकडं?”

“डाव्या म्हना, उलट्या म्हना. ज्या अंगाला समदी बगत न्हाईत त्या अंगाकडं.”

“म्हंजी शिवी न्हाई ती?”

“आदी नव्हती. मागनं झाली.”

“कुनी केली?”

“उजव्यांनी,” अंजना म्हणाली आणि तिलाच हसू फुटलं.

नाथाजी मात्र हसला नाही. त्यानं तिला तो अर्थ परत सांगायला लावला. मग अजून एकदा. तलवारीचं आलं तसं त्यानं उजव्या हातातलं उलथनं डाव्या हातात घेतलं आणि पुढची भाकरी उलटली. ती अशी सुबक उलटली, की टम्म फुगून तव्यावर डोलायला लागली.

दुसऱ्या दिवशी तो कारखान्यात गेला तेव्हा त्याची चाल जरा निराळी होती. बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडून तो कुपवाडला आला होता. जिनदत्त शेठच्या कारखान्यात पंपांचे सुटे भाग घासून सरळ करायचं काम करत होता. इथं येऊन पहिल्याच दिवशी त्यानं कानस डाव्या हातानं धरली तेव्हा शेजारचे कामगार हसले होते. शेठ आले, भाग उचलून उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, “माल सरळ निघतोय न्हवं? मग हात कंचा का असंना.” सबंध आयुष्यात त्याच्या हाताविषयी कुणी चांगला शब्द काढला असेल तर तो एवढाच.

जेवायला मात्र तो उजव्याच हातानं जेवायचा. पलटणीच्या लंगरखान्यात ती सवय अंगात ठोकून बसवलेली होती. पोरीच्या बाबतीत त्यानं ते होऊ दिलं नव्हतं. अंजना लहान असताना तो एकदा सुट्टीवर आला, तर पोरीचा डावा हात चिंधीनं बांधलेला, आणि चिंधीखाली बिब्ब्याचा फोड. डाव्या हाताची सवय मोडावी म्हणून बायकोनं, रंगूबाईनं, बिब्बा घातला होता. नाथाजीनं चिंधी सोडली, चुलीत टाकली आणि सांगितलं, “ह्या हाताला परत कुनी हात लावायचा न्हाई.” सबंध संसारात त्यानं बायकोला दिलेला तेवढा एकच हुकूम. फोडाचा डाग मात्र अंजनाच्या मनगटावर राहिला.

दिवाळीला बापलेक गावी रंगूबाईकडं गेले, आणि केरबा स्थळ घेऊन आला.

“पोरगा कोयनानगरला ओव्हरसियर हाय,” तो म्हणाला. “सरकारी बंगली, सरकारी नोकरी. पोरगीबी शिकल्याली पायजे म्हनतोय. आन् बाप कोन ठावं हाय का? आपला उस्ताद. सुभेदार होऊन आलाय.”

“सयाजी?” नाथाजी उठून उभा राहिला. “न्हाई रं केरबा. त्याच्या घरात न्हाई.”

“गड्या, त्याला आता तू आठवतबी नसशील. आन् आठवलास तरी काय? तुझी कवायत चुकली म्हनून पोरगी नाकारल व्हय त्यो?”

नाथाजी नको म्हणत राहिला, पण रंगूबाईनं ते स्थळ पदरात गाठ मारून ठेवलं. पोरगी बघायचा कार्यक्रम झाला. मुलगा, ज्ञानू, बुजरा होता. कोयनेच्या भूकंपात घराचा कौलारू पाखा कसा खाली आला आणि आजही जमीन हलली की लोक चहाचा कप हातात घेऊनच कसे बाहेर येतात, ते त्यानं खाली मान घालून सांगितलं. अंजना खुदकन हसली. तो वर बघून हसला. नाथाजीनं ते हसणं पाहिलं आणि त्याचा विरोध तिथंच विरघळला. पोरीच्या मनात भरलंय, मग बापानं मध्ये कशाला उभं राहायचं? सयाजीनंही त्याला ओळख दाखवली नाही. पिकलेल्या मिशांवर पीळ देत नुसता बसला होता.

सुपारी फोडायचा दिवस ठरला तो नाथाजीच्या गावात, त्याच्याच दारात. मुहूर्त दुपारनंतरचा, म्हणून जेवणं आधी उरकायची होती. अंगणात मांडव घातला होता. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी. रंगूबाई पहाटेपासून राबत होती, आणि राबता राबता लेकीला एकच गोष्ट सांगत होती.

“आजचा दीस उजव्या हातानं कर, माझी बाय. एक दीस. मी तुझ्या पाया पडते.”

“करते, आई,” अंजना म्हणाली. कारण तिलाही ते घर हवं होतं.

पंगत बसली. मांडवात पाव्हण्यांची रांग, समोर गावकऱ्यांची. नाथाजीला सयाजीनं हाताला धरून आपल्या शेजारी बसवून घेतलं. सयाजीची बायको शालूबाई बायकांत बसली होती. ती तिथनंच म्हणाली, “नवऱ्या मुलीलाच वाडू द्या की. बगू तरी हात कसा हाय.”

अंजना आमटीची बादली घेऊन आली. डाव्या हातात बादली, उजव्या हातात पळी. उजव्या हातानं तिनं आजवर कधी पळीनं पाणीसुद्धा घातलं नव्हतं. दोन ताटं कशीबशी झाली. सयाजीच्या ताटापाशी आली आणि पळी कलंडली. कढत आमटी सुभेदाराच्या पांढऱ्या स्वच्छ धोतरावर सांडली.

“असू दे, असू दे,” केरबा धावला. फडकं आलं. धोतर पुसलं. आणि ते पुसणं चाललं असताना, घाबरलेल्या अंजनानं नकळत बादली उजव्या हातात घेतली आणि पळी डाव्या. पुढची सगळी रांग ती सरसर वाढत गेली. एक थेंब बाहेर सांडला नाही.

“आगं थांब,” शालूबाईचा आवाज आला. “हात बदल. डाव्या हातानं वाडतीस व्हय?”

अंजना थांबली.

“लहानपनापासनंचं हाय हो, विहीनबाई,” रंगूबाई पुढं आली. “पर जाईल. सासरला आली की जाईल ते.”

“जाईल कसं? आदी जायला पायजे. आमच्या देव्हाऱ्यात डाव्या हाताचं चालत न्हाई. पोरीच्या जातीनं असं म्हंजी...”

तेवढ्यात सयाजी मोठ्यानं हसला. त्यानं नाथाजीच्या पाठीवर थाप मारली.

“आता याद आली! म्या म्हनतोय, ह्यो गडी कुठं बगितलाय. अरं, ह्यो आमचा आकवड! दाहिने मुड़ म्हटलं की बायें मुड़!” आणि तो पंगतीकडं वळून सांगायला लागला. नाकाला नाक कसं लागायचं ते सांगितलं. चांदमारीचंही सांगितलं, पण त्यात गोळ्या ठिपक्यात लागल्याचं नव्हतं. रायफल डोक्यावर धरून पळणारा नाथाजी तेवढा होता. पाव्हणे हसले. गावकरीही हसले, कारण ती नक्कल त्यांच्या ओळखीची होती. “बाप आकवड, तर पोरगी कशी सरळ निगंल? पर काय हरकत न्हाई. बापाला सरळ केला, तशी पोरीला करू.”

अंजना पळी घेऊन मधोमध उभी होती. तिनं बापाकडं पाहिलं नाही. ज्ञानूकडं पाहिलं. ज्ञानू ताटातल्या पुरणपोळीची घडी मोडत होता.

नाथाजीनं तांब्या उचलला. डावा हात ताटाबाहेर धरून त्यावर पाणी घेतलं, सावकाश, पार मनगटापर्यंत. मग त्या हातानं पोळीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तोंडात घातला.

हसणं थांबायला जरा वेळ लागला, पण थांबलं. नाथाजी दुसरा घास घेत होता.

“नाथाजी,” सयाजी हळू आवाजात म्हणाला, “ह्यो काय तमाशा?”

“जेवतोय, सुभेदारसाब.”

“डाव्या हातानं? भरल्या पंगतीत? त्यो हात कशाचा असतोय, कळतंय का तुला?”

“कळतंय की. पर माझं समदं उलटं हाय, हे तुमीच आत्ता सांगितलंसा. म्हंजी तुमचा धुवायचा हात डावा, तसा माझा उजवा. आजपातुर तुमच्या भ्यानं मी त्याच हातानं जेवत आलो. आता तरी चांगल्या हातानं चार घास खाऊ द्या.”

गावकऱ्यांच्या रांगेत कुणाला तरी जोराचा ठसका लागला. मग दुसऱ्याला. मग अख्खी रांग पोट धरून हसायला लागली. बायकांतसुद्धा पदर तोंडाला गेले. या वेळचं हसणं निराळं होतं आणि ते कुणावर आहे हे सयाजीला बरोबर कळलं. त्याचे कान लाल झाले.

“आकवड!” तो ओरडला.

“व्हय,” नाथाजी म्हणाला. “म्हना अजून. आकवड म्हंजी उलट्या अंगाचा. त्यो मी हाय, आन् माझी पोरगीबी हाय. तिचा हात बगायचा हुता न्हवं? बगितलासा. त्योच हात घेऊन ती तुमच्या घरला यील. पसंत असंल तर सुपारी फोडा. नसंल तर जेवून जावा, उपाशी जाऊ नगा.”

सयाजी ताटावरून उठला. त्याच्यामागं एकेक करून सगळे पाव्हणे उठले. ज्ञानू सगळ्यांच्या शेवटी उठला. “आबा, बसा की,” असं तो बापाला एकदा म्हणाला, पण इतक्या हळू की ते फक्त नाथाजीलाच ऐकू आलं असेल. पाव्हण्यांची जीप धूळ उडवत गेली. मांडवात अर्धवट जेवलेली ताटं राहिली.

रात्री भांडी घासून झाल्यावर रंगूबाई नाथाजीसमोर येऊन बसली.

“तुमचं नाव झालं,” ती म्हणाली. “गाव वरसभर हसंल सुभेदाराला. पर लगीन माझ्या पोरीचं मोडलं.”

“तिचा अपमान...”

“मला अपमान कळत न्हाई व्हय? तुमाला वाटतं, म्या वैरीन. म्या बिब्बा घातला त्यो कशापायी? सासरला जाऊन दुसऱ्या कुनी घालू ने म्हनून. आपल्या हातचा फोड लवकर बरा हुतो, लोकाच्या हातचा हुत न्हाई. तुमी पलटनीत हुता. पोरीच्या जातीला कुठनं कुठनं मार बसतो, ते तुमास्नी काय ठावं?”

चुलीतली राख बायको सावडत होती, आणि तिचे खांदे हलत होते. तो तिच्याजवळ जाऊन बसला. तिनं त्याला उठ म्हटलं नाही.

कुपवाडला परत येताना एस्टीत अंजना खिडकीशी बसली. रहिमतपूर मागं पडलं तसा नाथाजी म्हणाला, “पोरी, खरं सांग. तुझं मन असंल तर मी सुभेदाराचं पाय धरतो. मला लाज न्हाई वाटायची.”

“तुमी पाय धरायचं न्हाई,” अंजना म्हणाली. मग खिडकीबाहेर बघतच म्हणाली, “पर मानूस चांगला हुता, आबा.”

असेच काही आठवडे गेले. ट्रेनिंग कॉलेजात अंजना डाव्या हातानं फळ्यावर लिहीत राहिली. बाईंनी शेरा मारला, गुण कापले. ती लिहीत राहिली. नाथाजी आता कारखान्यात डबा डाव्या हातानं खायचा. पहिल्यांदा चारदोन जण सरकून बसले. त्यानं तिकडं लक्ष दिलं नाही.

आणि एका रविवारी सकाळी दारात ज्ञानू उभा राहिला. हातात पिशवी, बुटांवर घाटातली तांबडी धूळ. कोयनानगरहून पहाटेची गाडी पकडून आला होता.

“मामा, येऊ का?”

नाथाजीनं घोंगडी पसरली. अंजनानं चहा टाकला. तिनं कप डाव्या हातानं पुढं केला आणि ज्ञानूनं तो लगेच घेतला. नाथाजीच्या मनात आशेनं उडी घेतली.

“त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं,” ज्ञानू कपाकडं बघत म्हणाला. “नाही जमलं. आमच्या आबांसमोर मला कधीच जमत नाही. पण मला डाव्या हाताचं काही नाही, मामा. खरंच नाही. कोयनेला आम्ही दोघंच असणार. तिथं कुठल्या हातानं काय केलं ते कोण बघणार आहे? फक्त गावी गेलो की, आईसमोर, सणासुदीचं तेवढं...”

“उजवा हात,” अंजना म्हणाली.

“चार दिवस. जास्त नाही. आबांना मी समजावतो. ते अजून रागात आहेत, पण मी एकुलता आहे, ऐकतील.”

नाथाजीला ते बोलणं वाईट वाटलं नाही. पोरगा एवढ्या लांबून आला होता, बापाची नजर चुकवून. त्याच्या परीनं ते धाडसच होतं. स्वतः नाथाजीनं सबंध नोकरी उजव्या खांद्यानं काढली होती. चार दिवस म्हणजे काय? तो अंजनाकडं वळला. हो म्हण, असं त्याच्या तोंडाशी आलं होतं. पण तो बोलला नाही. हे त्याचं बोलायचं नव्हतं.

“मी चार दीस करीन,” अंजना सावकाश म्हणाली. “मोठ्यांचा मान म्हनून करीन. माझं काय जात न्हाई. पर येक सांगा मला.”

“विचार की.”

“आपलं पोर डावखुरं निपजलं तर?”

ज्ञानूनं वर पाहिलं.

“ह्यो डाग बगा.” तिनं मनगट पुढं केलं. “आबा सुट्टीवर आलं हुतं, म्हनून ह्यो येवढ्यावर ऱ्हायला. आपल्या पोराच्या हाताला तुमच्या आईनं बिब्बा काढला, तर तुमी काय करशीला?”

ज्ञानूनं तोंड उघडलं, मिटलं. खोटं बोलता आलं असतं. त्या क्षणी तो ‘मी अडवीन’ एवढे दोनच शब्द बोलला असता तर नाथाजीनं तिथंच साखर आणली असती. पण पोरगा खोटारडा नव्हता. त्याला त्या मांडवात बसलेला, पोळीची घडी मोडणारा स्वतः दिसत असावा.

“मला नाही सांगता येत,” तो शेवटी म्हणाला.

“खरं बोललासा,” अंजना म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “लय झालं. पर मग नगं.”

ज्ञानू उठला, पिशवी घेतली, नाथाजीच्या पाया पडला. नाथाजी त्याला सोडायला बसथांब्यापर्यंत गेला. गाडी आली. चढताना ज्ञानू म्हणाला, “मामा, तिच्या शिक्षणाचं बघा. चांगली शिकवील ती.” नाथाजीनं मान हलवली. त्या पोराबद्दल त्याला राग यायला हवा होता, आला नाही.

तो परत आला तेव्हा अंजना तिथंच बसलेली होती. ज्ञानूनं चहाला तोंडसुद्धा लावलं नव्हतं. कप भरलेला, वर साय धरलेली. बाप दारात आल्याचं तिला कळलं नाही. तिनं तो कप उचलला, गार झालेला चहा एका दमात पिऊन टाकला, मग कप विसळून फळीवर पालथा घातला. पदरानं तोंड पुसलं. उद्याच्या पाठाचा तक्ता तिनं जमिनीवर उलगडला, त्याच्या दोन कोपऱ्यांवर दोन वाट्या ठेवल्या आणि खाली वाकून ती अक्षरं काढू लागली.

नाथाजी आत गेला नाही. तक्त्यावर आपली सावली पडलीय हे त्याला दिसलं, तसा तो उजेड सोडून चौकटीच्या कडेला सरकला आणि तिथंच उभा राहिला.